झुडूप म्हणून मोजलेली टेकडी

"झुडूप? अख्ख्या टेकडीला झुडूप लिहिताना तुझा हात कसा धजला?"

"ताई, नियम आहे. टेप छातीच्या उंचीला लावायचा. घेर फूटभर भरला तर झाड, नाही भरला तर झुडूप. आणि टेपचं दुसरं टोक कुणी धरलं होतं? तूच ना?"

हे त्यानं बोलायला नको होतं. ताईनं हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर असा आपटला, की उघडून ठेवलेल्या इन्व्हर्टरचे स्क्रू घरंगळत खाली गेले. दोघांपैकी कुणीही ते उचलले नाहीत.

धाकटा भाऊ मोजणीदार. ताई वायरमन. गल्लीत तिला उन्हवाली म्हणत, कारण शाळेच्या, दवाखान्याच्या, निम्म्या गल्लीच्या छपरांवरचे सौर पॅनल तिनंच चढून बसवलेले. हे काम तिनं हौसेनं धरलं नव्हतं. नवरा कोळशाच्या वीजकेंद्रात राख उपसायचा. त्याचा रुमाल कितीही धुतला तरी काळाच राहायचा. तो गेला, आणि चाळिशीत ही बाई पक्कड हातात धरायला शिकली. पुढची अकरा वर्षं दर सोमवारी केंद्राच्या फाटकासमोर फलक घेऊन उभी राहिली. लोक हसले, पहारेकऱ्यानं हाकललं, ही चिवट. शेवटी केंद्र बंद करायचं ठरलं. त्याच्या जागी सौरवीज येणार, हे ऐकून तिनं गल्लीभर पेढे वाटले होते.

पॅनल राखेच्या मैदानावरच बसणार, असं ती धरून चालली होती. ते उघडं, सपाट, केंद्राला लागूनच होतं. म्हणून भाऊ टेकडीवरची झाडं मोजायला निघाला तेव्हा तिला वाटलं, जंगल मोजतात ते राखायलाच. आपणहून मदतीला गेली. तीन दिवस टेपचं टोक धरून आकडे मोठ्यानं सांगत राहिली. नऊ इंच, आठ, दहा. तो मान खाली घालून लिहीत राहिला.

आज सकाळी त्यानं मोजणीचा कागद पुढे केला, साक्षीदार म्हणून सही मागितली, तेव्हा तिला कळलं. राख साफ करायला खर्च येतो, म्हणून सौरवीज उभारणाऱ्या कंपनीनं टेकडी मागितली होती. झुडपांची जमीन मिळायला सोपी. टेकडी द्यायची की नाही, यावर उद्या अकराला सुनावणी.

तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं. ती झाडं बारीक का, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? सरपणासाठी गल्लीतल्या बायकांनीच ती घोट्याशी तोडली होती, आणि त्यात तिचाही कोयता होता. मग तिनंच दारोदार फिरून तोड थांबवली. वीस वर्षांत एकेका खोडातून सहा-सात फांद्या सरळ वर गेल्या. खाली बुंधा कवेत जेमतेम मावणारा, आणि टेप लागला तो फांद्यांना.

"उद्या माझं एकेक बोट मोजशील," ती म्हणाली, "आणि लिहिशील, बाईला हातच नाही."

भावाला हसू आलं, ते त्यानं गिळलं. मग त्याचाही आवाज चढला. जन्मभर ऊन ऊन करत बसलीस, आता ऊन आलंय तर त्याला जागा नको का? गच्चीवरच्या चार पॅनलवर काय शहर चालतं? तिनं खिडकीतून दिसणाऱ्या राखेच्या मैदानाकडे बोट केलं. ही घे जागा. माझ्या माणसाला खाऊन बसलीय, तिला तरी कामाला लावा.

"ते साहेबांना सांग. मी टेप लावणारा माणूस."

"मग घोट्याशी लाव."

"घोट्याशी मोजायचा नियम नाही."

"वाकायचा पण नाही का? साहेबांपुढे तर बरा वाकतोस."

नोकरीत अजून कायम नाही झालो, हे त्यानं हळूच सांगितलं. मोजणी चुकीची ठरली तर पहिला बाहेर मी. लहानपणी काचेची बरणी फोडून यायचा, तोच चेहरा होता. तेव्हा ती दोष स्वतःवर घ्यायची.

"ताई, सही नको करूस. पण उद्या भर सुनावणीत माझ्याविरुद्ध उभी राहणार आहेस का?"

तिनं त्याच्या पिशवीत हात घालून टेप काढला, कमरेला खोचला, चपला पायात सरकवल्या आणि टेकडीच्या रस्त्याला लागली.