शेठच्या टोकनलाही सूट नाही

मी हट्टी आहे, हे पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या कंपनीच्या शेठला ते जरा उशिरा कळलं.

आमची कंपनी डाइंग मिलांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कोणत्या कापडाला कोणता रंग किती घालायचा, ती प्रत्येक मिलची शेड त्यात ठेवलेली. एका मिलची शेड दुसरीला दिसता कामा नये. लॉगिन केलं की माणसाला टोकन मिळायचं, म्हणजे ठरावीक वेळेपुरता पासच. तो पास चालू आहे का आणि कोणत्या मिलचा आहे, हे तपासणारी वेब सर्व्हिस माझी. टोकन पाठवा, हो किंवा नाही ऐका, विषय संपला.

एक दिवस शेठने केबिनमध्ये बोलावलं. नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला त्याला असं टोकन हवं होतं, जे कधी संपणार नाही आणि सगळ्या मिलांच्या शेड उघडेल. "एक ज लाइन लखवानी छे ने, बेन," तो गोड हसून म्हणाला.

एकच ओळ होती, खरंय. पण माझे वडील उभं आयुष्य मिलमध्ये रंग कालवत आलेत. त्यांच्या नखांतला निळा रंग सुट्टीच्या दिवशीही निघत नाही. एखादी शेड बसेना की ते जेवायचे नाहीत, आईवर उगाच खेकसायचे. ती शेड या माणसाने चहा पिता पिता कुणालाही दाखवायची? माझं डोकंच सणकलं.

"नाही लिहिणार," मी म्हणाले. "टोकन तुमचं असलं तरी तपासलं जाईल."

"विचार करा, बेन. उद्या यायचं की नाही, ते तुमच्याच हातात आहे."

"केला विचार."

बाहेर आल्यावर शेजारच्या टेबलावरचा कुजबुजला, "लिहून टाक ना, तुझ्या बापाचं काय जातं?" बापाचंच जात होतं. त्याला काय सांगणार, कप्पाळ?

दुसऱ्या दिवशी मुद्दाम वेळेवर गेले. कॉम्प्युटर उघडला, पण सॉफ्टवेअर आत काही घेईना. मग मी माझं टोकन माझ्याच सर्व्हिसला विचारून पाहिलं. उत्तर आलं: नाही, रद्द. डबा उचलला आणि निघाले. माझ्यामागे दुसरं कुणी ती ओळ लिहीलही. लिहू दे. माझ्या हातून ती लिहिली गेली नाही.

घरी वडिलांनी विचारलं, "काय व्हयनं?"

"नोकरी गेली," मी म्हणाले. "पण काम चोख केलं होतं, बाबा. त्या कामाने माझीसुद्धा गय केली नाही."