कवळीबाईंची पेटी

पूल ओलांडला तेव्हा मी पुन्हा म्हटलं, "मावशी, द्या ती पेटी, जरा मी धरते."

"नको. तुझी तू पिशवी सांभाळ."

सिग्नल बिघडून आमची गाडी खाडीच्या कडेला उभी राहिली होती. शहर जवळच होतं, म्हणून आम्ही दोघी पाण्याकाठच्या रस्त्याने पायी निघालो होतो. थंडीचे दिवस, पण ऊन पाण्यावरून थेट अंगावर येत होतं. मावशींनी काळ्या रेक्झिनच्या पिशवीतली पेटी लेकरासारखी छातीशी धरली होती.

मावशी कवळ्या करतात. नवऱ्याकडून शिकल्या. तो गेल्यावर स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी त्याचंच टेबल आणि त्याचाच स्पिरिटचा दिवा. मेणात एकेक दात बसवून मावशी तो नमुना शहरातल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेतात. पेशंटच्या तोंडात नीट बसला, तरच पक्की कवळी. गाडीतल्या बायका त्यांना कवळीबाई म्हणतात. कुणी हसलं की त्या आधी दात बघतात, मग माणूस. एका नव्या नवरीला भर गाडीत म्हणाल्या होत्या, "पुढचे दोन तुझे नाहीत गं!"

मध्यंतरी गाडीतल्या सामानाच्या फळीवरून पेटी खाली आली आणि आतले दात हलले. "पडली नाही, पाडली," हे मावशींचं म्हणणं. तेव्हापासून पेटी मांडीवर, तीही खिडकीशी, म्हणजे एकाच बाजूने राखण. तरी दात वाकडे होतच राहिले. आधी संशय डब्यातल्या नर्सवर, मग शेजारी बसून विणकाम करणारीवर. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देईन. घर त्याच कामावर चालतं.

दम लागला म्हणून बाकावर टेकलो. मावशींनी पिशवीतून पेटी काढून उघडली. पुढचे दात एका बाजूला कलले होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"गाडीत माझा डोळा लागला होता. शेजारी तूच होतीस."

देवाचं नाव घेऊन राग गिळला. "मावशी, मी काय करू त्या दातांचं? मला माझे आहेत!"

"असूया असते माणसाला."

"कवळीची?"

त्या हसल्या नाहीत. बाकावरची रिकामी पिशवी मी उचलून त्यांना द्यायला गेले, तर हाताला चटकाच बसला.

"हात लावून बघा बरं."

त्यांनी लावला. मग अंगठ्याने मेण हळूच दाबलं. अंगठा रुतला.

"थंडीत कुठलं एवढं ऊन?"

"काळी पिशवी, खिडकीची जागा, वर तुम्ही कवटाळून बसता. फळीवर सावली तरी होती."

त्यांनी अंगठ्याचं मेण पुसलं. घरी हेच मेण मऊ करायला त्या दिवा पेटवतात.

"असेल," शेवटी म्हणाल्या. "पण पहिल्यांदा ती पाडलीच होती." पेटी बंद करून उठल्या. "चल लवकर. दवाखान्यात दिवा आहे. पेशंट यायच्या आत दात परत बसवते."

चालता चालता थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्यापासून पेटी तू धरशील? आतल्या बाजूला, सावलीत? पण माझ्या समोरच्या बाकावर बस गं. मला दिसली पाहिजे."