सगळ्यात मागे गार्डभाऊ

पेपरात खेळाचं पान उघडलं की माणूस आधी बघतो, कोण जिंकलं. आमचे गार्डभाऊ आधी शोधायचे, शेवटी कोण आलं. ते कधीच छापलेलं नसायचं, त्यामुळे रोज सकाळी आमच्या ग्रुपचं पळून झालं की चहाच्या टपरीवर त्यांचं डोकं फिरायचं. "दहा जण पयाले म्हणते, आन नावं तिघाइचीच. बाकीचे सात का हवेत गेले?" असं म्हणत ते पेपर माझ्या पुढ्यात आपटायचे, जणू मीच तो छापला होता.

एका रविवारी आम्ही टपरीवर जरा जास्तच रेंगाळलो होतो, तेव्हा त्यांनी पेपरच्या ऑफिसात फोनच लावला. "पहले तीन का नाम देते हो, आखरी वाले का काहे नहीं देते? वो भी तो पूरा दौड़ा है." पलीकडचा माणूस सज्जन असावा. म्हणाला, "अंकल, जगह नहीं रहती." भाऊंनी पान उलटलं. "पीछे आधे पन्ने पर बनियान का विज्ञापन है. एक बनियान कम कर दो, नाम आ जाएगा." पलीकडून फोन ठेवला गेला. भाऊ शांतपणे आलूगुंड्याकडे वळले. आमच्या भिलाईत बटाटेवड्याला आलूगुंडा म्हणतात, आणि पळून जेवढं कमावलं तेवढं टपरीवर गमावायचं, हा आमच्या ग्रुपचा नियमच होता.

गार्डभाऊ हे नाव त्यांना ग्रुपनेच दिलेलं. भिलाईच्या स्टील प्लांटच्या आतल्या रेल्वेत त्यांची नोकरी होती. पळताना ते कायम सगळ्यांच्या मागे असत, मालगाडीच्या शेवटच्या डब्यातल्या गार्डासारखे, म्हणून ते नाव चिकटलं. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला. "इंजिन पोचल्यानं गाडी पोचत नाई, बाई. गार्ड पोचला का मंग गाडी पोचली," असं ते म्हणायचे. घरचं आडनाव, गाव, सगळं मला नंतर कळलं. पूर्व विदर्भातलं धानाच्या शेतीचं घर. वडील प्लांटात भरती झाले आणि पाठोपाठ हेही इथलेच होऊन गेले.

माझी त्यांची पहिली भेट काही शोभेची नव्हती. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, म्हणून मी स्मृती नगरच्या रस्त्यावर पहाटे पळायला लागले होते. पळायला म्हणजे काय, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धापा टाकत जायचं आणि तिसऱ्याला टेकून देवाचं नाव घ्यायचं. एक दिवस मागून पावलं ऐकू आली. मी थांबले की तीही थांबत. बाईमाणूस, रस्ता रिकामा. मी खाली वाकून सरळ एक दगड उचलला आणि वळले. मागे गळ्यात दुपट्टा टाकलेले एक वयस्क गृहस्थ दोन्ही हात वर करून उभे! "मारू नको बाई. तू एकटी मांगं राहिली होती, म्हून मी तुया मांगं राहिलो. आमचे बाकीचे समोर गेले." दगड मी टाकला, पण लगेच नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ग्रुपात नवीन कोणी आलं की भाऊ माझी ओळख "दगडवाली बाई" अशी करून देत.

त्यांचं मागे राहणं मोठं शहाणपणाचं होतं. ते कधी "शाब्बास, शाब्बास" करून जीव नकोसा करत नसत. आपण थांबलो की तेही थांबत आणि एखाद्या झाडाकडे असे बघत बसत, जणू तेवढ्यासाठीच घरून निघाले होते. आपल्याला लाज वाटायला जागाच राहायची नाही. मी चालले तर ते चालत, मी पळाले तर पळत, आणि मी रडकुंडीला आले की कुठल्याशा शर्यतीत कोण कसा पडून उठला आणि शेवटी का होईना पोचला, ते सांगत. पद्मनाभपूरचा एक तरुण इंजिनिअर आमच्यात यायचा. त्याच्या मनगटावर एक महागडं घड्याळ होतं आणि तो पावलापावलाला त्यात बघायचा. भाऊ त्याला म्हणत, "तुयी घडी लय पयते बाप्पा. कधी तू बी पयत जा." तो हसायचा, पण भाऊंवर त्याचाही जीव होता.

टीव्हीवरच्या शर्यतींवर तर त्यांचा कायमचा राग. पहिला माणूस फीत तोडतो आणि लगेच जाहिराती सुरू होतात, हे त्यांना पाहुणा जेवत असताना ताट उचलल्यासारखं वाटायचं. क्रिकेटची लीग सुरू झाली की ते गुणांचा तक्ता खालून वर वाचत. सगळ्यात खालची टीम ती त्यांची टीम. ती जिंकत जिंकत वर गेली की ते तिला सोडून नव्या तळातल्या टीमकडे जात. मी विचारलं, "भाऊ, आता तर तुमचे लोक जिंकायला लागले, आताच का सोडता?" म्हणाले, "आता त्याइले माई का गरज हाये?" पंधरा दिवसांत त्यांनी तीन टीम बदलल्या, आणि प्रत्येकीसाठी तितक्याच मनापासून जीव टाकला.

या सगळ्याची थट्टा करण्याचा हक्क एकाच व्यक्तीकडे होता, त्यांच्या बायकोकडे. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. सेक्टरमधल्या क्वार्टरच्या अंगणात त्या सडा घालत असत आणि आमचा घोळका समोरून गेला की हमखास विचारत, "कावून जी, कोणाची गाय हरवली?" भाऊ मागून येताना दिसले की, "तुमाले त सापडतच नाई बावा!" आम्ही त्यांच्या घरासमोर मुद्दाम हळू होत असू, दोन टोमणे खाण्यासाठी.

मग एक दिवस अंगणात सडा नव्हता. वहिनींना लकव्याचा झटका आला होता. जीव वाचला, बोलणंही परत आलं, आणि आधीपेक्षा तिखट होऊन आलं. पण डावा पाय उचलेना. भाऊ पळायला यायचे बंद झाले. काही महिन्यांनी त्यांच्या गल्लीत पाहिलं तर वहिनी एक एक पाऊल ओढत चालल्या आहेत आणि भाऊ चार हात मागे. हात धरलेला नाही, काही नाही. शेजारची बाई त्यांना रागावली, "अहो, धरा ना तिले!" भाऊ म्हणाले, "धरलं त थे माया भरोशावर चालन. तिले तिच्या पायाच्या भरोशावर चालाचं हाये." वहिनी मागे न बघताच म्हणाल्या, "भाषण देऊन राहिले का चालून राहिले?"

त्या हिवाळ्यात भाऊ रिटायर होणार होते. प्लांटची नोकरी संपली की क्वार्टर सोडावं लागतं, आणि आयुष्य ज्या घरात गेलं ते घर आपलं नव्हतंच, हे त्या दिवशी नीट कळतं. दोघांनी गोंदियाच्या पुढच्या आपल्या गावी जायचं ठरवलं. त्याआधी भिलाईत थंडीतली नेहमीची मॅरेथॉन होती. आमच्याकडे तीन किलोमीटरलाही मॅरेथॉनच म्हणतात. वहिनींनी एक दिवस जाहीर केलं की तीन किलोमीटरमध्ये त्या चालणार. भाऊ चक्रावले. मी वहिनींना एकटं गाठून विचारलं, तेव्हा त्या थट्टा विसरून बोलल्या. "गावात गेलो का लोक मले पाहाले येतीन बाई. खाटेवर बसलेली पाहातीन त मंग जलमभर खाटेवरच ठेवतीन. मी आपल्या पायानं शर्यतीच्या त्या शेवटच्या कमानीतून निघाली, त गावात बी चालन. नाई निघाली, त मंग मायाच्यानं होत नाई, असं मी समजन." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. त्या दिवसापासून मला त्या शर्यतीची धास्तीच बसली.

भाऊ आयोजकांना तीनदा जाऊन भेटले. "आखरी आदमी आते तक गेट रखोगे ना?" "हां हां, अंकल." भाऊंना या हां-हांचा अनुभव होता. दर वर्षी पहिल्यांच्या गळ्यात पदकं पडली की केळी संपत, पाणी संपे, आणि शेवटचे लोक येईपर्यंत मांडववाले खुर्च्या रचायला लागत.

शर्यतीच्या सकाळी वहिनी पुढे, मी त्यांच्या बाजूला, भाऊ मागे. शाळेची पोरं, ढोलवाले, फोटो काढणारे, सगळे आम्हाला ओलांडून गेले. वहिनी दर थोड्या वेळाने थांबत, श्वास घेत, आणि थांबल्याचा राग भाऊंवर काढत. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर त्यांचं बोलणंही बंद झालं. तेव्हा मला खरी भीती वाटली. ऊन चढलं, रस्ता गाड्यांना मोकळा झाला. शेवटचं वळण घेतलं आणि दूर ती कमान दिसली. पंख्याने हवा भरून उभी करतात तसली, लाल-पिवळी, मोठी. बघता बघता तिने मान टाकली. पंखा बंद केला होता. वहिनी जागच्या जागी थांबल्या.

"गेली," त्या म्हणाल्या. एवढंच.

आणि भाऊ पळाले. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणाच्याही पुढे गेलेलं पाहिलं नव्हतं. ते आमच्या बाजूने असे निघून गेले की मला वाराच लागला. दुपट्टा उडून रस्त्यावर पडला, तरी मागे पाहिलं नाही. साठीचा माणूस, पण काय पाऊल पडत होतं! एवढं पळणं अंगात असताना हा माणूस वर्षानुवर्षं आमच्यासारख्यांच्या मागे पावलं मोजत चालला होता! वहिनी डोळे मोठे करून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाहा, पाहा कसा पयते बुढा! आन मले सांगे, मायाच्यानं तेज पयनं होत नाई." आणि बोलता बोलता त्यांनी पाऊल उचललं.

तिथे भाऊंनी काय केलं ते आम्हाला लांबूनच दिसलं, बोलणं नंतर इंजिनिअरने सांगितलं. वाद घालायला वेळ नव्हता. ते पडत्या कमानीच्या खाली शिरले आणि दोन्ही हात वर करून तिला डोक्यावर घेऊन उभे राहिले. कापड त्यांच्या अंगावर चहूबाजूंनी लोंबत होतं, मधून फक्त पाय दिसत होते. "अंकल, हटिये, टाइम हो गया!" पंखेवाला ओरडत होता. आतून आवाज आला, "मेरी घरवाली आ रही है. वो आएगी, फिर टाइम होगा." आमचा इंजिनिअर घरी जायला निघाला होता, तो गाडी तशीच टाकून धावला आणि त्याने दुसरी बाजू उचलून धरली. शेवटी पंखेवाल्यालाच हसू आलं. त्याने पंखा परत सुरू केला. कमान डुलत डुलत उभी राहिली, आणि तिच्याखालून भाऊ बाहेर आले, केस विस्कटलेले, धाप लागलेली, चेहरा लहान मुलासारखा रडवेला.

वहिनींना शेवटचा तुकडा पार करायला बराच वेळ लागला. माझा हात त्यांनी झिडकारला. कमानीखाली आल्या, एकदा मान वर करून नीट बघून घेतलं, पलीकडे गेल्या आणि वळून पंखेवाल्याला म्हणाल्या, "हां बेटा, अब गिरा दे." भाऊ त्यांच्याकडे बघून हसत होते आणि रडतही होते, आणि दोन्ही लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती.

महिन्याभरात सामान टेम्पोत चढलं आणि दोघं गावी गेले. आमचा ग्रुप चालू राहिला, पण मागे पाहायची सवय काही सुटली नाही. भाऊंचा फोन यायचा. वहिनी विहिरीपर्यंत जातात, देवळापर्यंत जातात, आता बाजारात जाऊन भाजीवाल्याशी भांडतात, अशा बातम्या ते रोजच्या पेपरसारख्या उत्साहाने सांगत. मागून वहिनींचा आवाज येई, "फोन ठेवा, मी निघाली," की भाऊ बोलणं अर्धवट टाकून त्यांच्या मागे निघत.

गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला दोन दिवसांनी कळलं. पाऊस उघडल्यावर मी त्यांच्या गावी गेले. वाटलं होतं, वहिनी आता खाटेवर सापडतील. त्या दारात उभ्या होत्या. चहा त्यांनीच केला, भाऊंचं सगळं त्यांनीच सांगितलं, रडल्या, आणि रडताना मला "साखर कमी टाकली तुया चहात" हेही सांगितलं. परतीच्या बसला वेळ होता, तरी त्या मला फाट्यापर्यंत सोडायला निघाल्याच.

कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना धान पोटरीवर आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. वहिनी पुढे, डावा पाय किंचित ओढत, पण न थांबता. त्या पडतील की काय या काळजीने मी आपोआप चार हात मागे राहिले. थोड्या वेळाने त्या थांबल्या. मागे न बघताच म्हणाल्या, "बाई, मांगं नको चालू. मांगं त्याइलेच राहू दे. तू बाजूले ये."

मी बाजूला गेले. फाटा येईपर्यंत आम्ही दोघी पावलाला पाऊल लावून चाललो.