बारा छत्र्यांची वावडी

बंकट धनगराला पाटोद्यात सगळे लंगड्या म्हणत. मीही म्हणायचो. तोंडावर नाही, पण म्हणायचो. आता साळसूदपणाचा आव आणून काय मिळणार आहे. लहानपणीच्या तापात त्याचा डावा पाय वाळला तो वाळलाच. धनगराला पाय नसणं म्हणजे माझ्यासारख्या टेलरला बोटं नसण्यापैकीच. मेंढरं चरत चरत पुढं सरकतात, कुणासाठी थांबत नाहीत. त्याची बायको अंजना कळपामागं हिंडायची आणि हा मेंढवाड्याजवळ काठी घेऊन कोकरं राखत बसायचा. जाणारायेणारा हटकून विचारायचा, "काय बंकट, बायको वळती का मेंढरं?" तो हसायचा, पण त्या हसण्यात काही राम नसायचा.

माझं दुकान पेठेत, वडलांनी घातलेलं. नुसतं कापड विकून भागेना तेव्हा मी मशीन घेतली आणि पावसाळ्यात छत्र्याही दुरुस्त करायला लागलो. आमच्या लिंगायत भावकीनं नाकं मुरडली. मुरडू दे म्हटलं, नाकं त्यांची.

चौऱ्याण्णवच्या आषाढात बंकट एक छत्री घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. छत्रीच्या काड्या शाबूत होत्या, मूठ मात्र उपटून आली होती.

"कशानं रे हे?"

"वाऱ्यानं वढलं, आप्पा."

"छत्रीला?"

"मला."

मग त्यानं सगळं सांगितलं. पोरांच्या मोडक्या सायकलींची चाकं लावून त्यानं एक फळी केली होती, काठीनं रेटत मेंढवाड्याभोवती फिरायला. त्या दिवशी भुरभुर आली म्हणून त्यानं फळीवर बसल्या बसल्या छत्री उघडली आणि फळी आपोआप चालू लागली. बाभळीपासून पार पाणवठ्यापर्यंत वाऱ्यानं त्याला नेलं.

"आप्पा, मी मेंढरांच्या म्होरं गेलतो," तो म्हणाला. "मी. म्होरं."

माझ्याकडं टाकून दिलेल्या छत्र्यांचा ढीग होता. ते कापड हलकं, वारं न गळणारं. आमच्याकडं मोठ्या पतंगाला वावडी म्हणतात. कळकाच्या कामट्या त्यानं तासायच्या आणि कापड मी जोडून शिवायचं, असं सुरू झालं. पहिल्या चार-पाच फाटल्या. दोन तर वाऱ्यानं कुठं नेल्या ते कळलंच नाही. मग साधल्या. वावडीच्या दोन बाजूंना दोन दोऱ्या, त्या एका दांडीच्या दोन टोकांना बांधलेल्या. दांडी हातात धरून तिरकी केली की वावडी तिकडं वळायची. वेल्डिंगवाल्या सुग्रीवनं भंगारातल्या लुनांची तीन चाकं जोडून बसकी गाडी करून दिली. पुढचं चाक बंकट उजव्या पायानं वळवायचा. तो एकच पाय त्याचा, पण नांगराच्या रुमण्यासारखा पक्का होता.

आमचं मापच छत्र्यांचं झालं. मंद वाऱ्याला सात छत्र्यांची वावडी, बऱ्या वाऱ्याला चारची, आणि आषाढात वारं पिसाळलं की दोन छत्र्यांची. मला हे उलटंच वाटायचं. मोठं वारं तर मोठी वावडी, असं माझं दुकानदारी डोकं. बंकट म्हणायचा, "आप्पा, वारं थोडं आसंल तर वावडीनं राबायचं. वारं लई आसंल तर वावडीनं गप ऱ्हायचं, समदं वारंच करतंय." आणि त्याचा एक नेम होता. दोरी अंगाला बांधायची नाही, गाडीला तर मुळीच नाही. दांडी हातातच धरायची, म्हणजे सोडली की वावडी खाली आलीच पाहिजे.

पाटोद्याच्या पश्चिमेला घोंगडमाळ आहे. त्याच्या कड्याच्या अंगानं मुरमाची एक कडक पट्टी जाते, मेंढवाड्यापासून पाणवठ्यापर्यंत. पावसाळ्यात खाली काळ्या रानात चिखल होतो, मेंढरांचे खूर कुजतात, म्हणून धनगरांचा पावसाळा माळावरच. वारं पश्चिमेचं आणि पट्टी दक्षिणोत्तर, त्यामुळं आडव्या वाऱ्यावर जाताही यायचं आणि परतही येता यायचं. मी एकदा बघायला गेलो होतो. दोन छत्र्यांची ती काळी वावडी, बघितली तर चिंधीच म्हणावी अशी, आणि तिच्यामागं बंकट मुरूम उडवत असा निघाला की कुत्रं मागं पडलं. पाणवठ्यापाशी त्यानं कळप अडवला, वळवला आणि हाळी दिली. त्या हाळीत जे होतं ते मला आजही सांगता येत नाही. वारं असायचं ते चार महिने बंकट धनगर असायचा. उरलेले आठ महिने तो लंगड्या.

सत्त्याण्णवला माळावर एक उंच लोखंडी खांब उभा राहिला, वारं मोजायला. मुंबईपुण्याचे लोक आता पवनचक्क्यांत पैसा घालणार, सरकार त्यांना करात सूट देणार, अशी बोलवा होती. माझा भाचा अमरनाथ आधी एसटीडी बूथ चालवायचा, तो आता कंपनीसाठी जमिनी बघून देऊ लागला. पायात बूट आले, कमरेला पेजर आला. वर्षभर मोजून त्या खांबानं सांगितलं की वारं कड्याच्या पट्टीवर सर्वात जास्त आहे. बंकटला विचारलं असतं तर त्यानं चहाच्या कपावर सांगितलं असतं. माळ गायरान होता, कागद कुणाकडंच नव्हता. मग कागद कंपनीकडं आला.

नव्याण्णवच्या ज्येष्ठात अमरनाथ कंपनीच्या साहेबाला घेऊन माझ्या दुकानात आला. बंकट पायरीवरच होता. साहेब गोड बोलणारा. आषाढात पायाभरणी आहे म्हणाला, मुंबईहून पाहुणे येणार, कॅमेरे येणार. बंकटनं वावडीवर गाडी चालवून दाखवावी, आणि वावडीवर कंपनीचं नाव असावं.

"दोन छत्र्यांवर काय ल्ह्यायचं ते ल्ह्या की," बंकट म्हणाला.

"तेवढ्याशा चिंधीवर मंडपातून काय दिसणार? मोठी करा. पांढरं कापड आम्ही देतो."

बंकटनं काठीनं पायरीवर एक रेघ ओढली. मग म्हणाला, "मी करतो. पर कड्याची पट्टी सोडा. चक्क्या बसवा, पर मला जाया-याया वाट ठिवा. कुंपण नगं."

"सोडली," साहेब म्हणाला.

"कागदावर?"

साहेब हसला. "माझा शब्द आहे."

बंकटनं माझ्याकडं बघितलं. मी शहाणा. मी म्हटलं, "एवढा मोठा माणूस शब्द देतोय, घे." अमरनाथनं जाता जाता सांगितलं की कंपनीच्या वॉचमनचे गणवेश शिवायचं काम मामांनाच मिळणार.

कापड मोजलं तेव्हा ते बारा छत्र्यांचं भरलं. बंकटनं हात लावून बघितलं आणि बाजूला सारलं.

"आप्पा, ह्या वाऱ्यात बारा छत्र्यांची हाताला पेलायची न्हाई. दांडी गाडीला बांधावी लागंल. मला भ्या वाटतंय. तवा तुमी एक करा, मधली शिवण कच्ची ठिवा. वारं हाताबाहेर गेलं की मधून उसवंल, वावडी पडंल, मी वाचंल."

"ठेवतो," मी म्हटलं. आणि ठेवली. मशीनला न लावता सुईनं धावदोरा घातला. हाताशी लाल दोरा होता, त्यानंच घातला. माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं जे आहे ते इथं संपलं.

दुसऱ्या दिवशी अमरनाथ कापड बघायला आला. त्यानं दोन्ही हातांनी जरा ताणलं, टाके हसले. "मामा, ही काय शिलाई? भर मंडपात कंपनीच्या नावाचे दोन तुकडे झाले तर? लोक म्हणतील, चन्नप्पा टेलरला साधी शिवण येत न्हाई. मग गणवेश कोण देतंय तुमाला?"

मला गणवेशाचा मोह होता, हे खरं. पण त्याहून मला ते वाक्य झोंबलं. तीस वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाला साधी शिवण येत नाही? मी कापड दुमडून घेतलं, लाल धावदोरा आत गेला, आणि वरून डबल शिलाई मारली. अशी मारली की बैल जुंपला तरी उसवणार नाही.

पायाभरणीच्या दिवशी सकाळी बंकट वावडी न्यायला आला.

"ठिवली न्हवं कच्ची?"

"हो," मी म्हटलं.

त्यानं कापड उलगडूनही पाहिलं नाही.

वारं त्या दिवशी असं होतं की मंडपाचे दोर चार-चार माणसं धरून उभी होती. बंकटनं आयुष्यात पहिल्यांदा दांडी गाडीला बांधली. वावडी वर गेली, पांढरीशुभ्र, आणि कंपनीचं नाव आभाळात लखलखीत दिसलं. टाळ्या पडल्या. शंभरेक पावलं गाडी झकास गेली. मग कड्याकडून झोत आला. पुढचं चाक उचललं गेलं, गाडीनं पट्टी सोडली आणि ती तिरकी होऊन माळात घुसली. बंकट वर बघत होता. लोकांना वाटलं, घाबरला. मला एकट्याला ठाऊक होतं तो काय बघतोय. तो शिवण उसवायची वाट बघत होता. पायासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगावर गाडी आदळून उलटली, आणि वावडी तिला तशीच ओढत राहिली. लोकांनी दोऱ्या कापल्या तेव्हा थांबली. गाडीखाली त्याचा उजवा पाय होता.

जिल्ह्याच्या दवाखान्यात दीड महिना गेला. पाय राहिला, पण गुडघ्यात वाकेना. साहेबाची बदली झाली. नव्या साहेबानं सांगितलं की शब्दाबिब्दाचं त्याला काही माहीत नाही, पण त्या अपघातानंतर वरून हुकूम आहे. दिवाळीच्या आत कड्याच्या पट्टीला काटेरी तारांचं कुंपण पडलं आणि त्यावर पाटी लागली: धोक्याची जागा, माणसांना व जनावरांना मनाई. पाण्याला जायला तीन मैलांचा वळसा पडू लागला. अंजनाच्या एकटीच्यानं ते होईना. संक्रांतीच्या आत मेंढरं विकली गेली.

बंकटला मी दुकानात छत्र्या दुरुस्तीला बसवलं. पेठेतले लोक मला देवमाणूस म्हणायला लागले. मी नको म्हणायचो, पण फार जोरात नाही म्हणायचो. गणवेशाचं काम मिळालं होतं, ते मी शिवत होतो. वावडीचं कापड अमरनाथनं धुऊन परत आणून दिलं होतं. "मामा, एक टाका हालला न्हाई," असं म्हणाला. कौतुकानंच म्हणाला. मी ते माळ्यावर फेकलं.

दोन वर्षांनी अंजनानं वाकळीसाठी जुनं कापड मागितलं. माझ्या बायकोला, दानम्माला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं माळ्यावरचं गाठोडं काढलं आणि उसवायला बंकटच्याच पुढं ठेवलं. मी मशीनवर होतो. पातं लावून तो सावकाश टाके काढत होता. बऱ्याच वेळानं त्याचा हात थांबला.

"आप्पा, आत कच्ची बी हाय की. लाल दोऱ्याची."

मी मशीन थांबवली.

"म्हंजी तुमी घातलती."

"घातली होती."

"मंग वरची कावून घातली?"

"अमरनाथ आला होता. म्हणाला, भर मंडपात नाव फाटलं तर लोक काय म्हणतील."

"आन् मी इचारलं तवा?"

मी सुईत दोरा ओवायला लागलो. त्यानं आरडाओरडा केला असता, शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तो परत खाली बघून टाके काढायला लागला. डबल शिलाई उसवायला वेळ लागतो. दुपार गेली. सगळी शिवण सुटली तेव्हा त्यानं कापडाची घडी घातली, तो लाल दोरा गुंडाळून माझ्या मशीनवर ठेवला आणि काठी मागितली. मी म्हटलं, "बंकट, घरापर्यंत येतो सोडायला." तो "नगं" म्हणाला आणि पायरीवरून बसत बसत उतरला. पुन्हा दुकानात आला नाही.

आठ दिवसांनी अंजना ते कापड न्यायला आली. मी म्हटलं, ठेव इथंच, वाकळ मी शिवून देतो, काही देऊ नकोस. तिनं घडी उचलून काखेत मारली.

"न्हाई आप्पा," ती म्हणाली, "त्येनी सांगितलंय, तुमच्या हातची शिलाई नगं."