झाकणावर बसलेल्या सुमनअक्का

सुमनअक्कांना 'नाही' म्हणताना आमच्या पिंप्राळ्याच्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं. कुणी मिक्सर मागितला, दिला. कुणी पोर दुपारभर आणून सोडलं, सांभाळलं. वजन चाळीस किलो, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि सगळी गल्ली या बाईच्या डोक्यावर. मी समोरच राहते आणि मीही त्यातलीच, खोटं कशाला बोलू!

त्यांचा योगराज नोकरीला परदेशात. चार वर्षांनी येणार होता, तोही जूनमध्ये. फोनवर त्याचं एकच मागणं, "माय, तुझ्या हातचं भरीत." आता भरताची वांगी खरी थंडीतली. जूनमध्ये बाजारात मिळतं त्याला अक्का वांगं म्हणतच नाहीत. म्हणून त्यांनी ठरवलं, डिसेंबरातच वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, ठेचायची आणि जूनपर्यंत गोठवून ठेवायची. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा साबणाच्या डबीएवढा, तेव्हा फ्रीजर घेणं आलं.

दुकानात अक्कांचे यजमान नवलनाना थेट उभ्या फ्रीजरपाशी गेले. "हा घेऊ. कप्पे आहेत, दार उघडलं की सगळं दिसतं."

"तेच तर नको," अक्का म्हणाल्या. "दिसनं म्हंजे बाया मांगतीन, आन् माले नही म्हनता येस नही."

त्यांना आडवा हवा होता. पेटीसारखा, वर झाकण. तळाशी ठेवलेलं कुणाच्या बापाला दिसत नाही. तळ किती खोल ते बघायला अक्का वाकल्या आणि त्यांचे पाय जमिनीवरून उठले. नानांनी कंबरेला धरून बाहेर काढलं.

"हा तुझ्या मापाचा नाही गं!"

"भरीत मावस ना?" अक्कांनी विचारलं, आणि आडवा घरी आला. नाना महिनाभर फुगून बसले.

तळाशी भरताची वीस पाकिटं गेली. वर भरपूर जागा राहिली, आणि जागा आहे हे गल्लीला कळायला दोन दिवस पुरले. पहिले मटार माझे. मग मंदाबाईंचा आमरस, कुणाचं खवलेलं खोबरं, कुणाच्या कैऱ्यांच्या फोडी. मे संपेपर्यंत झाकण एका कोपऱ्यात बोटभर उघडं राहायला लागलं. अक्का त्यावर पाटा ठेवायच्या. "ज्याचं त्याला घेऊन जायला सांग," नाना ओरडायचे. सांगणार कोण!

योगराज येणार त्याच दिवशी सकाळी वादळानं विजेचे खांब पाडले. लाइट संध्याकाळशिवाय येणार नाही असं कळलं. पाट्यानं फट पुरती मिटत नव्हती. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून अक्कांनी तो खाली उतरवला, स्टूल लावलं आणि स्वतःच झाकणावर चढून मांडी घातली.

गल्लीतल्या बाया आपापल्या फ्रिजमधलं घेऊन धावल्या. "अक्का, तुमची पेटी गारवा धरते, एवढं आत टाका."

"नही," अक्का म्हणाल्या. "झाकन उघडनार नही."

आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो. मंदाबाईंनी स्वतःचा आमरस परत मागितला, तरी नही. मी चहा नेऊन दिला, तो त्यांनी तिथेच बसून घेतला. पण चाळीस किलोनं काय होतंय! कोपरा अजून उघडाच. त्यांनी नानांना शेजारी बसायला सांगितलं. "मी उभाच घ्यायचा म्हणत होतो," म्हणत ते दारातच उभे राहिले. असा राग आला मला त्या माणसाचा!

चार वाजता रिक्षा थांबली. योगराज आत आला, अंगानं चांगला भरलेला. अक्का उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून दोन्ही हात पुढे केले.

"माय, ऊठ ना!"

"कशी उठू? तुनं भरीत शे खाले," अक्कांनी झाकणाखाली बोट दाखवलं.

त्यानं एकदा आईकडे बघितलं, एकदा त्या उघड्या कोपऱ्याकडे. बूट काढले आणि झाकणावर तिच्या शेजारी जाऊन बसला. झाकण घट्ट बसलं. अक्का त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. मीही रडले, मटारांची शपथ.

सहाला लाइट आली. वरचा आमरस पातळ झाला होता, तळातली पाकिटं मात्र दगडासारखी होती. ती काढायला अक्का आत वाकल्या आणि पुन्हा पाय वर गेले. योगराजनं झटकन दोन्ही हातांनी पाय धरले. आल्या आल्या आईच्या पाया पडायचं राहून गेलं होतं, ते तेव्हा झालं.