भिंतीवरचा हत्ती देव झाला तेव्हा

आमच्या भिंतीवरच्या हत्तीला देव मीच केला, आणि त्याला परत हत्ती करताना हालही माझेच झाले.

हत्ती काढला माझ्या बायकोनं. घणसोली गावात लग्न कुणाचंही असो, भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढायला तिलाच बोलावणं. एकदा टीव्हीवर दाखवलं, रान तुटलं म्हणून हत्ती उसात शिरला आणि माणसं त्याच्यावर फटाके फेकतायत. आमच्या भातशेतावर शहर बसलेलं, त्याचं दुःख तिला लगेच कळलं.

"त्याला पन जागा नाय उरली. आपल्या भिंतीवर ऱ्हाऊ दे!"

दार रंगवून उरलेला काळा ऑइलपेंट घेतला आणि रस्त्याकडच्या कंपाउंडवर हत्ती उभा केला. (एक पाय आखूड झाला. मी तसं बोललो, तर ब्रश माझ्या बनियनला पुसला!) त्याच वर्षी पावसाळ्यात ती गेली. हत्ती राहिला.

मग नेरूळहून एक चित्रकार पोरगी आली. गावातल्या भिंतींवर फ्लेमिंगो काढणार, म्हणजे लोक खाडी वाचवतील. माझ्या मुलानं, दिनेशनं, मला न विचारता हो म्हणून टाकलं.

"आजोबा, उद्या भिंत पांढरी करू. हत्ती इथे सापडत नाहीत ना."

"माझी बायको पन हितं सापडत नाय आता. तिला पन पुसनार?"

दिनेश मला आत ओढायला लागला, "बाबा, तमाशा नको. लोक बघतात."

बघू देत! सकाळी उठून मी हत्तीच्या कपाळाला कुंकू लावलं, सोंडेवर जास्वंद खोचली, खाली अगरबत्ती पेटवली. रंगारी बादल्या घेऊन आले, चपला काढल्या, हात जोडले आणि गेले. कुंकवावर चुना मारायची छाती कुणाची आहे?

दुपारपर्यंत मी हसत होतो. दुपारी शेजारची बेबीताई दुर्वा घेऊन आली. संध्याकाळी नारळ सुरू झाले. मंगळवारी रांग! नारळ फोडायचे कुठं, तर त्या आखूड पायावर! कुणाच्या भाच्याला व्हिसा मिळाला, त्यानं हत्तीचा कान तेल-शेंदरानं माखून टाकला. मग गल्लीतला कार्यकर्ता पप्पू आला.

"काका, भिंतीला मस्त टाइल्स मारतो, समोर देऊळ. टेन्शन घेऊ नका, हत्ती आत सेफ ऱ्हाईल."

चुना खरवडता येतो हो. टाइल कशी खरवडणार?

"पप्पू, हा देव नाय रं, हत्ती हाय!"

"काका, देवाला हत्ती बोलता?"

"अरे, कुंकू मीच लावलं!"

"तुमच्या हातून त्यानंच लावून घेतलं, काका!"

(आता यावर बोला!)

गवंडी सिमेंट कालवायला लागला, तसा मी भिंतीला पाठ लावून बसलो, हातात काठी. "पहिली टाइल माझ्या टाळक्यावर मार!" पप्पूनं दिनेशला फोन करून बोलावलं.

"बाबा, उठा!"

"नाय उठत! तुझ्या आयनं काढलाय त्याला."

दिनेशनं बॅग खाली ठेवली. मग ऑफिसच्या पॅन्टसकट माझ्या बाजूला मातीत बसला. पप्पूनं सामान उचलायला लावलं. दोघांच्या डोक्यावर टाइल मारणं त्यालाही जमणारं नव्हतं!

दिनेशनंच त्या पोरीला बोलावलं. तिनं चिंधीनं कानाचा शेंदूर हळूहळू उतरवला, पाय होता तसा आखूडच ठेवला. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हा रानातला हत्ती आहे. याला नारळ नको, रान हवं.' मी बाजूची भिंत तिच्या फ्लेमिंगोंना दिली. तेवढी माणुसकी माझ्यात आहे.

तरी मी रोज तिथं खुर्ची टाकून बसतो. नारळ दिसला की काठी उगारतो. कुणाला काय बोलायचं ते बोलू दे!

परवा टॉवरांजवळच्या शाळेची पोरं हत्ती बघायला आली. बाईंनी त्यांना रस्त्यापलीकडंच थांबवलं.

"मुलांनो, हत्ती गरीब आहे. पण पुढे जाऊ नका, ते आजोबा अंगावर येतात."