मैनाबाईचा राइट

कटंगीहून तुमसरले जाणाऱ्या मोतीलालसेठच्या बसमध्ये इंग्रजीचा एकच शब्द चालतो, पण तो असा चालतो की बाकीच्या इंग्रजीची गरजच पडत नाही. राइट. तुटक म्हटला की गाडी सुटते. लांबवून म्हटला तर मागं घे, पण नवा जावई सासरच्या अंगणात पाय टाकतो तशी, सांभाळून. लागोपाठ दोनदा म्हटला तर तो डायव्हरसाठी नसतोच. तो दारात लटकलेल्यांसाठी असतो, की आत सरका, मांडीले मांडी लावा. चहाच्या टपरीवर याच शब्दानं ख्यालीखुशाली विचारतात आणि याच शब्दानं सांगतात. स्थळ पाहून आलेला माणूस मागच्या सीटवर म्हणतो, "पोरगा राइट हाय," म्हणजे पोरगा पीत नाही आणि शेतात उतरतो. एवढं सगळं हा शब्द करतो, फक्त उजवी बाजू दाखवत नाही. ते काम या रस्त्यावर 'जेवता हात' करतो.

हा शब्द आज मैनाबाई शेंडेच्या तोंडी आहे. साडीवर खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची पिशवी, मनगटात आईचं चांदीचं जाड कडं. उंचीनं बाई बेताची, आवाजानं नाही. सीटवर पोतं ठेवून वर झोपेचं सोंग घेणारे भले भले तिला पाहून पोतं मांडीवर घेतात.

पिशवी आधी तिच्या नवऱ्याची होती. वसंता याच गाडीचा कंडक्टर. टपावरून धानाचं पोतं उतरवताना पाय घसरला, कंबर मोडली, आणि माणूस खाटेवर आला. मोतीलालसेठ दुसरा माणूस शोधत आहे हे कळल्याबरोबर मैनाबाई त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, घरची पिशवी घरातच राहू द्या. सेठनं डायव्हरकडं पाहिलं. भैयालाल डायव्हर वसंताचा जुना जोडीदार, मनानं वाईट नाही, पण जिभेला लगाम नाही. तो म्हणाला की वहिनी तिकीट फाडतील, भांडतील, तेही वसंतापेक्षा चांगलं भांडतील, पण राइट कोण म्हणणार? बाईच्या बोलावर गाडी कशी हाकू?

सेठनं मधली वाट काढली. मंडईपर्यंत पाहू.

दिवाळी झाली की आमच्या इकडं गावोगाव मंडई भरते, आज या गावी, उद्या त्या गावी. रात्रभर दंडारीच्या नाटकाचा खेळ, दिवसभर बाजार, आणि पाहुणे सगळे बसनं. त्या गर्दीत टिकला तो कंडक्टर. नाही टिकला त्याची पिशवी दुसऱ्याच्या खांद्याला.

मैनाबाई कामाले लागली. तिकिटाचं काही अडलं नाही. अडलं ते भैयालालशी. ती राइट म्हणायची आणि हा खिडकीतून मान बाहेर काढायचा, आरशात पाहायचा, वर जवळच्या एखाद्या पागोटेवाल्याला विचारायचा, "हौ का गा? निघू?" तो हौ म्हणाला की मग गाडी हालायची. शिवी दिली असती तरी मैनाबाईला इतकं लागलं नसतं. शिवीचं उत्तर तिच्याकडे होतं. घरी गेल्यावर वसंता खाटेवरून विचारायचा, "राइट?" ती म्हणायची, "राइट." म्हणजे आज जास्त विचारू नोको.

पण वसंताला सगळं समजत होतं. एका संध्याकाळी त्यानं तिला खाटेजवळची टीनाची पेटी ओढायला लावली आणि तिच्यावर तळहातानं थापा मारून दाखवल्या. गाडी मागं घेताना त्याची ही रीत होती. मागच्या टीनावर हात सारखा थापत राहायचा. थाप चालू, तर ये. थाप थांबली, तर जिथं आहेस तिथंच. गर्दीच्या कल्ल्यात तोंडचा शब्द बुडतो, टीनाचा आवाज डायव्हरच्या पाठीपर्यंत जातो. मैनाबाईनं पेटी बडवून बडवून हात बसवला. शेजारणीला वाटलं, घरात भांडण पेटलं.

तिच्या थापेत एक जास्तीचा आवाज होता. कडं टीनावर आपटायचं, ठण ठण. भैयालाल वैतागला.

"वहिनी, थे कडं काढून ठेवत जा. डोक्यात वाजते."

"मायचं हाय, भाऊजी. थे नाई निघत. डोकं वाजते त डोक्याले तेल लावा."

मग आली मंडई. वाटेतल्या एका गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दुकानं मांडलेली, मधे फुगे, जिलेबी, बांगड्या. समोरून गुरं राखणारे गोवारी आपली ढाल नाचवत आले, उंच बांबू, त्याला मोरपिसं, मागं ढोल. त्यांच्या मागं दंडारीचं सामान भरलेला ट्रॅक्टर. पुढं जायला जागा नाही. बसलाच मागं, वळणापर्यंत जावं लागणार होतं.

मैनाबाई उतरून मागं गेली. आणि आपल्याकडं गाडी मागं यायला लागली की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस कंडक्टर होतो. जिलेबीवाला राइट म्हणत होता, लग्नातला पाहुणा असावा असा एक जण हात हालवत राइट म्हणत होता, चार पोरं गाडीचं टीन बडवत होती. सगळ्यांचं लक्ष दुकानांकडं, की माल चिरडू नये. मागं एका बाजूची दुकानं संपत होती तिथं नाल्याची पुलिया होती आणि तिच्या काठावर बेशरमची झाडी माजली होती, तिकडं पाहायला कोणाला वेळ नव्हता.

मैनाबाई थाप मारत मारत त्या बाजूनं चालली. चालता चालता काठावर तिचा पाय पडला आणि खालची माती भसकन सरकली. तिनं झाडी बाजूला केली. पुलियाचा काठ पावसानं पोखरलेला, वर नुसता गवताचा पापुद्रा. मागचं चाक त्याच्याच रोखानं येत होतं, आणि आत सीटवर, मांडीवर, दारात, सगळी बस माणसांनी भरलेली.

ती ओरडली असती तर त्या कल्ल्यात अजून एक आवाज वाढला असता. तिनं टीनावरचा हात उचलला आणि पाठीमागं घेतला.

पोरं बडवतच होती. जिलेबीवाला म्हणतच होता, राइट, राइट, आने दो. चाक अजून थोडं आलं. मैनाबाई जागेवरून हलली नाही. तिच्या मनात एकच होतं, की आता हा माणूस मले ऐकते का जगाले.

गाडी थांबली.

लोक म्हणाले, अरे काहून थांबला, भरपूर जागा हाय. भैयालाल खाली उतरला, मागं आला, पुलियाजवळ उभा राहिला. टाचेनं काठ दाबला. माती ढेकळासकट नाल्यात गेली. जिलेबीवाल्याचं राइट तिथंच संपलं. भैयालालनं आधी चाकाकडं पाहिलं, मग तिच्या मनगटाकडं.

"कडं बंद पडलं मनून थांबलो," तो म्हणाला. "आता तुमी म्हणान तवाच."

तो वर चढला. तिनं दुकानदाराची बांगड्यांची चटई उचलायला लावली, गाडी जेवत्या हाताले घ्यायला सांगितली, आणि ठण ठण करत वळणापर्यंत आणून सोडली. त्या दिवशी वसंतानं विचारलं, "राइट?" तिनं राइट म्हटलं, आणि जेवण होईपर्यंत सगळं सांगत बसली.

पोरगी श्रुतिका कॉलेजात आहे. तिनं मोबाइलमध्ये पाहून सांगितलं की या शब्दाचे इंग्रजीत पुष्कळ अर्थ आहेत. मैनाबाई म्हणाली, "त्याइले थे कमी पडत असन त आपले कळवून दे."

मंडईचे दिवस सरता सरता एका सकाळी मोतीलालसेठ स्वतः कटंगीच्या स्टँडवर आला. त्याला तुमसरले लग्नाला जायचं होतं, अंगावर नवी शाल. मैनाबाई मागच्या शिडीवर उभी राहून एका म्हातारीची भाजीची टोपली टपावर चढवत होती. सेठनं दारात उभं राहून टीनावर हात मारला आणि म्हणाला, "भैयालाल, राइट."

इंजिन चालू होतं. गाडी हालली नाही. सेठ पुन्हा म्हणाला, या वेळी मालकाच्या आवाजात. भैयालालची नजर आरशातून हटली नाही.

"गाडी तुमची हाय, सेठजी," तो म्हणाला. "पण राइट वहिनी म्हणते."

मैनाबाईनं ऐकलं. तरी घाई केली नाही. टोपलीचा दोर आवळला, खाली उतरली, म्हातारीला हात देऊन आत चढवलं, शर्टाला हात पुसले, पायरीवर पाय ठेवला. टीनावर कडं एकदा वाजलं.

"राइट."

गाडी अशी सुटली की सेठची शाल दारात अडकता अडकता राहिली.